खुशीचं दळण

मातीची ती गढी सरहद्दीवरच्या फौजेला रसद पुरवायला उभारली आणि दोन-तीन पावसाळ्यांतच ओस पडली. तिचा इतिहास लिहिला म्हणून वामनरावांचा इतवारीतल्या एका सभागृहात सत्कार होता. गढीत सापडलेलं जातं टेबलावर मांडलं होतं. फोटोसाठी वामनरावांनी हसत जात्यात ज्वारीची मूठ टाकली.

"गावच्या बायांनी फौजेचं दळण खुशीनं दळलं," ते म्हणाले.

श्रोत्यांतून कुसुमताई ताडकन उठल्या. गढी त्यांच्याच माहेरच्या शिवारात होती.

"खुशीनं? घरी लेकरं उपाशी, अन् बाया बंदुकीच्या धाकानं दळून राहिल्या होत्या! हात सोलून निघाले त्यांचे. असं लिवाले लाज नाही वाटली तुमाले? अन् जात्यात दाणे टाकले ना आता? आमच्याकडे दाणे टाकले का दळण पुरं केल्याबिगर उठत नाहीत."

"बसा, ताई," वामनराव म्हणाले. लोक हसले, टाळ्या वाजवू लागले.

टाळ्या थांबल्या, तरी एक आवाज उरला. जड, एकसारखी घरघर. टेबलावरचं जातं मात्र जागचं हललंही नव्हतं.

त्या आवाजानं बावरलेल्या लोकांना शांत करायला वामनरावांनी दोन्ही हात वर केले. कुसुमताईंना त्यांचे तळवे समोरून लख्ख दिसले. जात्याचा खुंटा धरून येतात तसे फोड त्यांवर टरारले होते, आणि एकेक करून फुटत होते.