डोळे नसलेली लेकरं

काचेच्या बशीतल्या केसाहून बारीक जंतांना प्रयोगशाळेतली बाई 'माझी लेकरं' म्हणायची. त्यांना ना डोळे, ना कान. पण बशीच्या कडेला आजारी माणसाच्या लघवीचा थेंब ठेवला, की डॉक्टरांच्या आधी त्यांना वासावरूनच दुखणं कळायचं आणि सगळी तिकडे धावायची.

आज बोलण्याच्या नादात ती थेंब ठेवायलाच विसरली. तरीही सगळी एका कडेला गोळा झाली होती. तिच्या बाजूच्या.

तिनं बशी फिरवली. लेकरं वळली आणि पुन्हा तिच्याकडे निघाली.

"ताई, जरा माझ्या जागी बसता?"

शेजारच्या टेबलावरच्या ताई येऊन बसल्या, तशी लेकरं पांगली. "अगं, लेकरंच ती," ताई हसत उठल्या. "आईला सोडतात होय?"

ती पुन्हा भिंगाला डोळा लावून बसली. सगळ्यांनी एकदम माना उचलल्या आणि वाऱ्यावरच्या गवतासारखी डुलायला लागली. इतकं सुंदर तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

श्वास रोखून तिनं हात हळूच छातीवर ठेवला. डुलणं चालूच. मग पोटावर नेला. चालूच.

हात डाव्या कुशीवर आला, आणि सगळी एकदम थांबली.