अर्धा अंश

कंटेनरच्या आतून थापा ऐकू आल्या तसं सगळं गोदाम इंजिनिअरकडे बघू लागलं. दारावरचं ते ब्लॉकचेनचं कुलूप त्यानेच बनवलं होतं. आत गोठवलेली मासळी आणि माल रचताना अडकलेला त्याचा मेहुणा होता. फोनवर आतलं तापमान अर्धा अंश चढलेलं दिसलं. ती मेहुण्याच्याच अंगाची ऊब. दार उघडायला पलीकडच्या बंदरातल्या खरेदीदाराचाच अंगठा कुलपावर टेकावा लागायचा. “दुसरी किल्ली?” मॅनेजरने विचारलं. “ठेवलीच नाही. लबाडी नको म्हणून.” त्याने पहार उचलताच मॅनेजर आडवा आला. “तूच म्हणालास, सील तुटल्याची नोंद पुसता येत नाही. माल नाकारतील.” पहार मॅनेजरच्या जबड्यावर बसली, दात फरशीवर सांडले. मग तो कुलपावर तुटून पडला. पहारीला दाद देत नाही म्हणूनच त्या कुलपाला टाळ्या पडल्या होत्या. थापा थांबल्या. फोन वाजला: तापमान पूर्ववत. माल सुरक्षित.