मागं ढकललेली मोटार

"निघताना मोटार मागं जाऊ देऊ नगं गं," असं गौरम्मा सकाळी म्हणाल्या होत्या. महानंदा हसली होती. बी.एस्सी. झालेल्या सुनेने सासूच्या शकुनांचं दुसरं करायचं तरी काय? चाकांना शुभ-अशुभ कळत नाही अत्या, असं म्हणून ती बाळाची टोपी शोधायला गेली आणि सगळं विसरली.

आता बारा वाजत आले होते. पुणे नाक्याजवळच्या शेडमध्ये कल्लप्पा मिस्त्री मोटारीच्या पोटात डोकं घालून उभा होता. मोहोळच्या अलीकडे इंजिनाने दोन आचके दिले आणि मान टाकली. एका ट्रकवाल्याने दोर बांधून सोलापुरात परत ओढून आणलं. करमाळ्याला भाचीला मांडीवर घेऊन तिचं जावळ काढायचं म्हणून महानंदाचा भाऊ खोळंबला होता.

मोटार सासऱ्यांची, महादेवप्पांची. ते जाऊन तीन वर्षं झाली. शिवयोगीने, म्हणजे महानंदाच्या नवऱ्याने, वाटेतच सांगून टाकलं होतं की इंजिन फुटलं असेल तर आता दुरुस्ती नाही, सरळ भंगारात घालायची. गौरम्मा शेडमधल्या बाकावर नातीला मांडीवर घेऊन मिस्त्रीचे हात बघत होत्या.

कल्लप्पाने स्टार्टर मारून पाहिला. इंजिन फिरलं, पण दाणे न घातलेल्या जात्यासारखं, हलकं. त्याने चारही प्लग काढले, शिवयोगीला हँडल फिरवायला लावलं आणि एकेका भोकावर अंगठा दाबून धरला. पहिल्याने अंगठा उडवला, चौथ्यानेही. मधल्या दोन भोकांत जीवच नव्हता. मग वरचं झाकण निघालं, पुढचं निघालं. आतल्या चेनच्या दोन दातेरी चाकांवरचे ठिपके समोरासमोर यायला हवेत, ते एकमेकांकडे पाठ करून बसले होते. चेन दोन दात सरकली होती.

"आतलं काय काय गेलं?" शिवयोगीने विचारलं. कल्लप्पा म्हणाला, दम धरा, अजून पोट तपासतोय.

त्याने झडपा ढकलणाऱ्या आठ लोखंडी सळ्या बाहेर ओढल्या, पुसल्या, आणि शहाबादी फरशीवर एकेक लाटण्यासारखी फिरवली. सहा सरळ गेल्या. दोन डुगडुगल्या. याच सळ्यांनी मार खाल्ला असेल तर इंजिन वाचलं, मार आणखी खाली, पिस्टनपर्यंत गेला असेल तर गेलं. त्याने पत्र्याच्या डब्यातून दोन जुन्या सळ्या शोधल्या, चेन ठिपक्यांवर आणली, आणि दुसऱ्या भोकावर पुन्हा अंगठा ठेवला. अंगठा उडाला. तिसऱ्यावरही उडाला.

"वाचली," कल्लप्पा म्हणाला. मग हात पुसत त्याने विचारलं, गिअरमदी असताना कुणी मागं ढकलली व्हती काय?

शिवयोगी नाही म्हणाला. महानंदाला सकाळ आठवली. उतारावर मोटार गिअरमध्ये घालून, मागच्या चाकाखाली दगड लावून उभी असायची. सकाळी बाळाला घेऊन बसायला दार पुरतं उघडेना, शेजारच्या ओट्याला अडत होतं. शिवयोगी आंघोळीला गेला होता. तिने दगड काढला आणि शेजारणीला हाक मारून मोटार दोन हात मागे लोटली होती. गचके खात गेली होती ती. हे गौरम्मांनी दारातून पाहिलं होतं. आता त्या सांगतील म्हणून महानंदाने तिकडे बघितलं, तर त्या नातीच्या पायातला वाळा नीट करत होत्या.

"मी ढकलली," महानंदा म्हणाली.

कल्लप्पा रागावला नाही. चेन जुनी, सैल, त्याने समजावलं. पुढं ओढ असली की ताठ ऱ्हाती. मागं गेली की ढिली पडती आन् दात सोडती. सकाळी एक सुटला आसंल, वाटंत दुसरा. मग तो गौरम्मांकडे वळला. "अक्का, महादेवप्पा मालकांनी हितंच बसून तुमाला हे सांगितलं व्हतं की. तुमी बोलला न्हाय व्हय ह्यांना?"

"बोलले की."

"पण अत्या, तुम्ही शकुन म्हणून सांगितलंत," महानंदा म्हणाली. "चेनचं कारण सांगायचं होतं ना."

गौरम्मा पहिल्यांदाच हसल्या. "कारण सांगितलं की लोक वाद घालत्यात, म्हातारे तुला मोटारीतलं काय कळतंय म्हणून. शकुन म्हणलं की गपगुमान ऐकत्यात. तू लई शिकलेली, हे माझ्या ध्यानातच ऱ्हायलं न्हाय."

शिवयोगी इतका हसला की बाळ दचकून रडायला लागलं. मोटार भंगारात घालायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. भावाला निरोप गेला: जावळ उद्या.

संध्याकाळी घरी आल्यावर नात आजीच्या मांडीवर राहिली आणि महानंदा पाळण्यापाशी उभी राहिली. दोन वर्षांत ती अत्यांच्या किती गोष्टींना हसली होती, आठवून आठवून मोजत होती. सगळ्यात जास्त हसली होती ती एका गोष्टीला. रिकामा पाळणा हलवू नये.

तिने आतली गोधडी काढली आणि रिकाम्या पाळण्याला झोका दिला. तिसऱ्या झोक्याला तुळईच्या कडीतला पाळण्याचा आकडा उचलला गेला आणि कडीतून निसटायच्या बेतात येऊन थांबला. कडी अर्धी झिजलेली होती. बाळाचं वजन असलं की ताठ. रिकामा असला की ढिला, आणि तशात बाळ ठेवलं की सगळं खाली.

तिने दोन्ही हातांनी पाळणा धरला. दुसऱ्या दिवशी लोहाराकडून नवी कडी आणि नवा आकडा आला, तो बसला, आणि मगच मोटार निघाली. पुढे.

तुमच्याही घरातल्या म्हातारीने असलं काही सांगितलं असेल आणि तुम्ही हसला असाल, तर हे वाचणं इथंच राहू द्या. आधी आत जाऊन बाळ बघून या.