कायमचं कुटुंब

"दहा खुर्च्या कशाला मांडताय? येणार चार माणसं. रिकाम्या खुर्च्यांनी खोली आणखी रिकामी दिसते," सुरेखाबाई नवऱ्याकडे बघून पुटपुटल्या. "आणि सारखं कायमचं कुटुंब, कायमचं कुटुंब काय लावलंय? फौजी माणूस आहे तो. तुम्ही ऑफिसला कळवून बसाल, आणि बदली आली की तो ट्रंका बांधेल. विचारलंत का त्याला एकदा तरी?"

"हळू बोल," बाबुराव म्हणाले. "आजी बसल्यात."

आजी खिडकीजवळ बसल्या होत्या. शाल, माकडटोपी, डोळे मिटलेले. मुलानं त्यांना जवळजवळ उचलूनच जिना चढवला होता, आणि तो गाडी नीट लावायला खाली गेला होता.

"झोपल्यात त्या," सुरेखाबाई म्हणाल्या, आणि चहाच्या पातेल्याकडे वळल्या.

बाबुराव उजागरे मिशनतर्फे पाळक म्हणून चंडीगडला आले त्याला बरीच वर्षं झाली होती. काम एकच, इथल्या ख्रिस्ती मराठी माणसांसाठी मराठीत उपासना चालवायची. जागा इंडस्ट्रियल एरियात, एका लेथ वर्कशॉपच्या वर. रविवारी मशिनं बंद असत, त्यामुळे आवाज नसे. तेलाचा वास असे. माणसं यायची. चंडीमंदिर छावणीतले फौजी, मोहालीतली कंप्युटरवाली मुलं. सगळी चांगली. ती गीतं म्हणत, पोहे खात, निघताना डोळे पुसत, आणि झाशीला नाहीतर बंगलोरला जात. तिथून नाताळला शुभेच्छा पाठवत. शेवटी मिशनच्या ऑफिसनं कळवलं, की या नाताळपर्यंत एक तरी कायमचं कुटुंब मंडळीत, म्हणजे सभासद म्हणून, आलं तर ठीक, नाहीतर खोली सोडून परत या.

आणि मग शिरसाट आले. सुभेदार नंदकुमार, त्याची बायको मीनाक्षी, कॉलेजात जाणारी हिमानी आणि आई लताबाई. तीन-चार रविवार मुकाट बसले, आणि एक दिवस नंदकुमार आपण होऊन म्हणाला, "पाळकसाहेब, आम्हाला मंडळीत घ्या."

त्या दिवशी बाबुराव आपली स्कूटर वर्कशॉपखालीच विसरून रिक्षानं घरी गेले.

पोस्टिंग किती उरलंय, हे त्यांनी विचारलं नाही. नंदकुमारनं एकदा विचारलं होतं, "कुणी गेलं तर मातीची उपासनासुद्धा तुम्ही मराठीतच घेता ना?" "घेतो की," बाबुराव उत्साहानं म्हणाले होते. "सगळं मराठीत." नंदकुमार म्हणाला, "असंच विचारलं." मीनाक्षी सांगायची, आई हवापालटासाठी आल्यात. डिसेंबरच्या धुक्यात चंडीगडला हवापालटासाठी कुणी येत नाही. बाबुराव म्हणाले होते, "वा, वा."

आता सगळे जागेवर बसले. गीत झालं. मंडळीत येणाऱ्यानं साक्ष द्यायची, म्हणजे आपण का आलो ते सगळ्यांसमोर सांगायचं, आणि पाळकानं त्याचा हात हातात घेऊन त्याला सामावून घ्यायचं, अशी रीत. सगळे म्हणजे या वेळी सुरेखाबाई. पण बाबुरावांनी कोट घातला होता, आणि त्यांचा आवाज चर्च भरलेलं असल्यासारखा लागला होता.

नंदकुमार उभा राहिला. "इथं घरच्यासारखं वाटतं," एवढं बोलून बसला.

मीनाक्षी म्हणाली, "मुलीच्या कानावर मराठी पडतं."

हिमानी म्हणाली, "संडे को वैसे भी क्वार्टर में नेटवर्क नहीं आता।" आईनं तिला कोपरानं ढोसलं. "और अच्छा लगता है, जी."

बाबुरावांनी तिघांचेही हात हातात घेतले. त्यांचे डोळे भरून आले होते. मग ते खिडकीपाशी गेले आणि वाकले. "आजी, तुम्ही नुसतं होय म्हणालात तरी चालेल."

लताबाईंनी डोळे उघडले. "साक्ष खरी द्यायची असते ना?"

"आई, राहू दे," नंदकुमार म्हणाला.

"तू गप रे, नंदू. पाळकसाहेब, हवापालट वगैरे काही नाही. मी मरायला आलेय. दवाखान्यात डॉक्टर ह्याला इंग्रजीत सांगतात, पण ह्याचा चेहरा मराठीत पडतो. परवा फोनवर भावाला सांगत होता, विमानानं गावी जालन्याला न्यायचं जमणार नाही, इथंच कबरस्तानात जागा बघतो, त्याला सभासद असल्याचं मंडळीचं पत्र लागतं. मी डोळे मिटले की मी झोपले असंच वाटतं सगळ्यांना. विमान नको तेच बरं. बर्फात घालतात म्हणे. मला थंडी सोसत नाही."

मीनाक्षीनं पदर तोंडाला लावला. हिमानी जागची उठून आजीच्या पायाशी जाऊन बसली. बाबुराव हात पुढे करून उभे होते. तो मागे घ्यावा की नाही, हे त्यांना कळेना.

"म्हणजे तुम्ही सगळे त्यासाठी..." ते म्हणाले.

"त्यासाठीच. देवाला ठाऊक आहे, तुम्हालाही असू दे." लताबाईंनी आपणच त्यांचा हात धरला. आजींचा हात गार होता, पण पकड चांगली होती. "आणि तुमच्या बाई मघाशी म्हणाल्या ते खरंय. ह्यांची बदली जूनमध्ये आहे. जातील हे. ऑफिसला ह्यांचं काही कळवू नका."

नंदकुमारनं आईची सरकलेली शाल नीट केली.

"कायमची म्हणून मला धरा," लताबाई म्हणाल्या. "मी काही इथून हलत नाही आता."