पहिल्या दरवाजापर्यंत

“यंदा आजोबा नाय आले?” गडाच्या पायथ्याशी गाडी थांबताच मावशींनी विचारलं. दसऱ्यानंतर गड चढायचा आणि उतरून त्यांच्याकडे पिठलं-भाकरी खायची, हा श्रीरंगच्या घरचा शिरस्ता.

“अण्णा उन्हाळ्यात गेले,” श्रीरंगने वडिलांचं सांगितलं.

मावशींनी आतून एक काठी आणली. “गेल्या साली झेपायचं नाही म्हणून त्यांना ओसरीवर बसवून गेलात ना? तुमची पाठ वळली, तशी ही घेऊन ते पहिल्या दरवाजापर्यंत जाऊन आले. ‘पोराला सांगू नका, रागावेल. पुढल्या वर्षी त्याच्यासंगं वर जाईन,’ म्हणाले. म्हणून ठेवली.”

सोनकीच्या फुलांनी पिवळ्या झालेल्या वाटेवर मुलं पुढे पळाली. काठी टेकत श्रीरंग पहिल्या दरवाजाशी पोचला आणि थबकला. अवघड चढ इथेच संपतो, हे त्याला ठाऊक होतं.

गेल्या वर्षीही ठाऊक होतं.