आवाज वाढवा जरा

हर्सूलला अमृताला बघायला पाचोडहून पाहुणे आले. मध्यस्थानं 'मुलगी टीव्हीत नोकरीला' एवढंच सांगितलेलं. समोर टीव्हीवर कालची कबड्डीची मॅच परत लागली होती. पोह्यांची ताटली हातात तशीच धरून पाहुणे मॅचलाच चिकटले. अमृता रीतीप्रमाणं मान खाली घालून गप्प.

"आवाज वाढवा जरा," मुलाचे वडील म्हणाले. "ही कॉमेंट्रीवाली बाई लई भारी सांगती."

अमृतानं वाढवला.

मध्यंतराला त्यांना मुलगी आठवली. "नोकरी करू दे. पण आमच्या घरात बाईमाणसानं जास्त बोललेलं चालत नाय."

अमृतानं रिमोट उचलून आवाज बंद केला.

"अगं पोरी, मॅच सुरू झाली! त्या बाईला कशाला गप केलं?"

"चालत नाय म्हणालात ना, काका. तिलाच तर बघायला आलात तुम्ही."