पिंपळशेंड्याचं पाणी

सर्जेरावानं पाण्याचा पेला दुसऱ्यांदा तसाच खाली ठेवला, तेव्हा रखमाजी पाटलांनी त्याच्याकडं पाहिलं.

"पोट बरं न्हाई म्हणता पाव्हणं, मंग भजे कसे चालून राह्यले?"

बैठकीतली माणसं हसली. सर्जेरावही हसला आणि त्यानं आणखी एक भजं उचललं.

तो बदनापूरला मातीचे नमुने तपासायचा. केदारखेड्यापर्यंत बसनं आणि पुढं जीपला लटकून तो आज पिंपळशेंड्याला आला होता, बहिणीची सोयरीक पक्की करायला. बेबीनंदा आणि पाटलांचा नातू धर्मराज बी.एड.ला बरोबर होते. करीन तर याच्याशीच, नाहीतर अशीच राहीन, असं तिनं घरात सांगून टाकलं होतं. वडील नव्हते. सगळं सर्जेरावावर होतं.

अडचण एकच होती. गेल्या वर्षी मरताना झुंबरबाई आजीनं त्याला शपथ घातली होती. पिंपळशेंड्याच्या पाण्याचा थेंब तोंडात घालू नकोस. का, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. तरी पेला ओठांशी नेला की तो आपोआप खाली ठेवला जात होता.

रखमाजींनी घराण्याचा इतिहास काढला. पाहुणे आले की आजोबांचं हे ठरलेलंच, धर्मराज कानात म्हणाला. निजामाच्याही आधीची गोष्ट. पाटीलकीवर डोळा असलेल्या दुसऱ्या एका घराण्यानं लग्नाच्या पंगतीतच घाला घातला. पानावर बसलेले पुरुष कापले, प्रेतं नदीत लोटली. थोरल्याची पोटुशी सून माहेरी होती, ती तेवढी वाचली. तिच्या पोटी वंश राहिला, तेच हे पाटील. मारणारे परागंदा झाले.

सर्जेरावानं जपून विचारलं, आज त्यांचा कुणी इथं आला तर?

"नदी हायेच की," रखमाजी म्हणाले. माणसं पुन्हा हसली.

सर्जेरावाचं डोकं भराभर चालू लागलं. आपली माणसं मेली असती तर आजीनं ते ऊर बडवून सांगितलं असतं. माणूस लपवतो ती लाज. म्हणजे आपण त्या मारणाऱ्यांचे. हे कळलं तर सोयरीक मोडेलच, पण आपण धडपणे वेशीबाहेर पडू का, याचीही त्याला खात्री वाटेना.

आतून पानं मांडल्याची वर्दी आली. सगळे उठून आत गेले. रखमाजी मात्र जागचे हलले नाहीत.

मागं राहिलेल्या सर्जेरावानं बेबीनंदाचा चेहरा आठवून पेला उचलला आणि डोळे मिटले.

म्हाताऱ्यानं झडप घालून त्याचं मनगट धरलं. पाणी दोघांच्या हातांवर सांडलं.

"शपथ कुणी घातली? आजीनं?"

सर्जेरावानं होकारार्थी मान हलवली.

"असा कुणी येईल, या धाकात जिनगी गेली माझी," आतल्या दाराकडं पाहत रखमाजी पुटपुटले. "गोष्ट आम्ही उलटी सांगत आलो. पोरगी आमच्यात द्यायची का न्हाई, ते आता तुम्ही ठरवा. मारणाऱ्याच्या घरचं पाणी सोडतो, तो मेलेल्यांचा वंश."